पाटी कोरी चालेल, खोटी नको

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत जे ब्रह्मकमळ आहे, ते ब्रह्मकमळ नव्हे. ते हिमालयातून आलेलं नाही आणि कमळाच्या तर दूरच्या नात्यातही बसत नाही. ते निवडुंग आहे. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं निवडुंग. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, आणि हे नाव काही काल-परवाचं नाही, १८२९ सालापासूनचं आहे.

"यात नवीन काय सांगितलंत?" असं तुमच्यापैकी निम्मे जण म्हणतील. बरोबर आहे. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हे लिहितोच, आणि दर पावसाळ्यात दुसरा कुणीतरी "आमच्या घरी हिमालयातलं दुर्मिळ ब्रह्मकमळ उमललं" म्हणून फोटो टाकतोच. पहिला लेख वाचणारे आणि दुसरा फोटो टाकणारे पुष्कळदा एकच असतात. माझं भांडण नेमकं या माणसाशी आहे. ज्याला माहीतच नाही त्याच्याशी कसलं भांडण? ज्याला माहीत आहे आणि तरीही "जाऊ द्या हो, नावाने काय फरक पडतो" म्हणत जो जुनीच पाटी कुंडीत खोचून ठेवतो, त्याच्यासाठी हा लेख.

फरक पडतो. कसा, ते सांगतो.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. नोकरी यंत्रांची, छंद निवडुंगांचा. इथली हवा या छंदाला फारच सोयीची. थंडी बेताची, पाऊस त्याहून बेताचा. त्यामुळे इथे हौशी लोकांची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. अमेरिकेतली निवडुंगप्रेमींची राष्ट्रीय संस्था १९२९ साली इथेच, पासाडेनात स्थापन झाली. जवळच हंटिंग्टन बाग आहे, तिथल्या वाळवंटी विभागाची सुरुवात १९०७ची. आणि एपिफायलमवाल्यांची तर वेगळी संस्था आहे, १९४० सालची. या जातींचे जे हजारो संकर माणसाने तयार केले, त्यांच्या नावांची नोंदवही ही संस्था सांभाळते. हौशी माणसं हो सगळी! कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी शाळामास्तर. पण वही चोख.

या मंडळींकडून मी एक शिस्त शिकलो. प्रत्येक कुंडीत एक पट्टी. पट्टीवर नाव, कुणाकडून आलं ते आणि कुठल्या साली आलं ते. झाड रानातल्या बियांपासून वाढवलेलं असेल तर ज्याने बी गोळा केलं त्याचा नोंदणी क्रमांकही. आणि पट्टी हरवली तर? तर नवीन पट्टीवर सरळ लिहायचं, 'नाव अज्ञात'. लाजायचं कारण नाही. लाज कशाची वाटायला हवी, तर अंदाजाने नाव ठोकून देण्याची.

आता एक खरी घडलेली गोष्ट.

माझ्या एका मित्राच्या आई साताऱ्याला असतात. त्यांच्या वाड्यात पांढरं 'ब्रह्मकमळ' आहे, चाळीस वर्षांचं. मित्राला तेच झाड इथे हवं होतं. पण विमानाच्या बॅगेत फांदी घालून आणता येत नाही. झाडाला आरोग्याचा दाखला लागतो, आणि निवडुंग म्हटल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातली कागदपत्रं वेगळी. म्हणून त्याने इथल्याच एका विक्रेत्याकडून पोस्टाने मागवलं. पट्टीवर छापलेलं, 'ब्रह्मकमळ, हिमालयातील पवित्र पुष्प'. किंमतही पवित्र.

चार वर्षं त्याने ते झाड पोटच्या पोरासारखं वाढवलं. २०२३च्या मे महिन्यात कळ्या आल्या. मग काय विचारता! शनिवार रात्रीचं आमंत्रण गेलं, सहा कुटुंबं जमली, सत्यनारायणाला करतात तेवढा शिरा झाला. बारा वाजले, एक वाजला, कळी ढिम्म. दोन वाजता लोक डोळे चोळत घरी गेले. रविवारी सकाळी दहाच्या उन्हात फूल उमललं. लालभडक.

त्याने आईला फोटो पाठवला. काकूंनी उत्तर दिलं, "हे आपलं नव्हे. आपलं रात्रीच उमलतं, पांढरं असतं, आणि वास शेजारच्या आळीपर्यंत जातो. याला वास आहे का रे?" वास नव्हता. काकूंनी कधी वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. पण तीन वाक्यांत त्यांनी रंग, वेळ आणि गंध या तीन कसोट्या लावल्या आणि निकाल दिला. निवडुंग ओळखायला बसलेला कुठलाही जाणकार याच क्रमाने जाईल.

आणि इकडे आमची शिकलीसवरली मंडळी? फोटो ग्रुपवर गेला आणि दोन तासांत त्याचं 'लाल ब्रह्मकमळ' झालं. दुपारपर्यंत ते 'अतिदुर्मिळ लाल ब्रह्मकमळ' झालं. संध्याकाळी कुणीतरी हे शंभर वर्षांतून एकदाच फुलतं असंही सांगून टाकलं. ते झाड शेजारच्या दुसऱ्या फांदीवर आणखी चार कळ्या घेऊन उभं होतं, पण झाडाकडे बघतो कोण? सगळे पट्टीकडे बघत होते.

सोमवारी मित्राने मला बोलावलं. मी काय पाहिलं ते ओळीने सांगतो, कारण यात जादू काही नाही. तुम्हीही हे करू शकता.

पहिली गोष्ट, कळी. पांढऱ्या एपिफायलमच्या कळीला लांबच लांब नळी असते, वीतभर तरी. ती आधी खाली लोंबते आणि मग हंसाच्या मानेसारखी वर वळते. या झाडावर उरलेल्या कळ्यांची नळी आखूड होती. म्हणजे शिरा करण्याआधीच कळीने सांगितलं होतं.

दुसरी, खोड. आपण ज्याला याचं पान म्हणतो ते पान नसतं, चपटं झालेलं खोड असतं. म्हणून तर 'पानाला' फूल येतं. पांढऱ्याचं मुख्य खोड लांब, गोल, बुडाशी लाकडासारखं आणि त्याला फुटणाऱ्या फांद्या पातळ, पानासारख्या, कडा नागमोडी. या झाडाची खोडं जाड होती, काही कोवळी खोडं तर तिधारी, आणि कडेच्या खाचांत बारीक केसांसारखे काटे.

तिसरी, फूल. दिवसा उमललेलं, गंध नाही, आतल्या पाकळ्यांवर तिरप्या उन्हात जांभळट झाक. आणि सोमवारी संध्याकाळीही टवटवीत! पांढरं फूल एका रात्रीचं सोबती, पहाटे मान टाकतं.

हे सगळं एकत्र केलं की उत्तर एकाच दिशेने जातं. हा डिसोकॅक्टसचा संकर आहे. जांभळट झाक आणि काटेरी तिधारी खोड ही डिसोकॅक्टस स्पेसिओसस या मेक्सिकन जातीची देणगी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या हरितगृहांत माळ्यांनी ती जात दुसऱ्या जातींशी जुळवली आणि असे लाल संकर जन्माला घातले. दुकानांत ते पिढ्यान् पिढ्या 'एपिफायलम ॲकरमनी' या नावाने विकले गेले, तेही चूकच, कारण ती मेक्सिकोतली एक वेगळी मूळ जात आहे. म्हणजे या झाडाच्या नशिबी खोटं नाव आधीपासूनच होतं, आमच्या विक्रेत्याने नुसती त्यात भर घातली.

या संकराचं नेमकं नाव काय, असं मित्राने विचारलं. मी म्हटलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. लाल संकर ढिगाने आहेत आणि एकमेकांसारखे दिसतात. फोटोशी फोटो जुळवून नाव चिकटवलं तर एक खोटी पाटी काढून दुसरी लावल्यासारखं होईल. पट्टीवर लिही, 'डिसोकॅक्टस संकर, लाल, नाव अज्ञात, २०१९, पोस्टाने'. इतकं खरं आहे, तेवढंच लिही.

मित्राने जुनी पट्टी काढली नाही. म्हणाला, "राहू दे रे, आईला वाईट वाटेल."

आईला! जिने सगळ्यांच्या आधी ओळखलं, तिला!

इथे माझा संताप सुरू होतो. आपण भावनेच्या नावाखाली ज्यांना जपतो असं म्हणतो, त्यांच्या डोळ्यांचा आणि अक्कलेचा असा अपमान करतो. काकूंना खोट्या पाटीची गरज नव्हती. गरज होती ती आपल्याला, सहा कुटुंबांना बोलावून बसलेल्यांना.

आता आक्षेप एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: "फूल सुंदर आहे ना? मग झालं तर." नाही, झालं नाही. मी ज्या धंद्यात आहे त्यात बोल्टच्या डोक्यावर खुणा असतात. तीन रेघा म्हणजे एक ताकद, सहा रेघा म्हणजे त्याहून जास्त. डोकं कोरं असेल तर आम्ही तो सगळ्यात कच्चा धरतो आणि फळी ठोकायला वापरतो, धोका काही नाही. पण कच्च्या बोल्टवर कुणी सहा रेघा मारल्या तर तो जिथे माणसं उभी असतात तिथे जाऊन बसतो. अमेरिकेत हे इतकं झालं, की १९९० साली त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. कोरा बोल्ट सावध करतो, खोटा बोल्ट निर्धास्त करतो. सगळा फरक एवढाच आहे.

"बोल्ट तुटला तर माणूस मरतो, निवडुंगाने कोण मरतं?" सांगतो. इथल्या मोठमोठ्या दुकानांत आफ्रिकेतले युफोर्बिया सर्रास 'कॅक्टस' म्हणून विकले जातात. युफोर्बिया म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या शेराचे भाऊबंद. आपल्याकडेही त्रिधारी निवडुंग म्हणतात तो युफोर्बियाच. दिसायला उभे, काटेरी, मांसल, थेट निवडुंगासारखे. पण यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याची आग आग होते, सूज येते, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. ज्याला 'कॅक्टस' म्हणून विकलं तो माणूस काट्यापासून हात जपेल, छाटताना चिकापासून डोळे जपणार नाही. ओळखायचं कसं? निवडुंगाचे काटे लवदार छोट्या गादीतून फुटतात आणि फूलही त्याच गादीतून येतं. ती गादी युफोर्बियाला नसते. चीक ही खूण मात्र एकटी पुरत नाही, कारण काही मॅमिलारियांनाही दुधासारखा चीक असतो. म्हणजे दोन मिनिटं नीट बघायचं काम आहे. पण पाटीवर विश्वास असला की ती दोन मिनिटं कोण खर्च करतो?

आणि झाडाचा जीव वेगळाच. 'कॅक्टस' वाचून लोक एपिफायलमला रणरणत्या उन्हात ठेवतात आणि महिनाभर पाणी तोडतात. ते बिचारं जंगलातल्या सावलीत, कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत मातीत वाढणारं! पिवळं पडतं, सुरकुततं, आणि मग मालक म्हणतो, "आम्हाला ब्रह्मकमळ लाभत नाही." लाभणार कसं?

दुसरा आक्षेप: "शास्त्रज्ञ तरी कुठे एका नावावर राहतात? दर दहा वर्षांनी बदलतात." हा आक्षेप मला आवडतो, कारण तो करणाऱ्याने निदान एक पुस्तक उघडलेलं असतं. लिनियसने १७५३ साली बहुतेक सगळी ओळखीची निवडुंगं 'कॅक्टस' या एकाच प्रजातीच्या नावाखाली घातली होती. आज ते प्रजातीनाव वापरातच नाही. त्याचे शेकडो तुकडे झाले, तुकडे परत जोडले गेले, परत तुटले. वैताग येतो, मान्य. पण प्रत्येक बदलामागे कुणी, कधी, कुठे आणि का बदललं याची नोंद असते. आजच्या नावावरून मागे चालत गेलात तर १७५३ला पोचता. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे कागद जुळतात तसं. खोट्या पाटीवरून मागे चालत गेलात तर कुठेच पोचत नाही. ती तिथेच संपते, विक्रेत्याच्या गल्ल्यापाशी.

तिसरा आक्षेप, आणि हा देशातून येणारा ठरलेला आक्षेप: "तुम्ही अमेरिकेत राहता म्हणून आम्हाला शिकवता." अहो, अमेरिकेला मी सोडलंय कुठे? इथे दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी दुकानं 'ख्रिसमस कॅक्टस'ने भरून जातात. त्यातले बहुतेक ख्रिसमस कॅक्टस नसतातच. खोडाच्या कड्यांना खेकड्याच्या नांग्यांसारखे टोकदार दात, फुलं आडवी, परागकण पिवळे, अशी ती श्लंबर्गेरा ट्रंकाटा असते. खरा जुना ख्रिसमस कॅक्टस हा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात तयार केलेला संकर. त्याच्या कड्या गोलसर, फुलं लोंबती, परागकण गुलाबी. पहिला लवकर फुलतो, विक्रीच्या वेळेला सोयीचा पडतो, म्हणून पाटी दुसऱ्याची आणि माल पहिल्याचा. गंमत म्हणजे दोघांचं मूळ आग्नेय ब्राझीलच्या डोंगरांत. तिथे रात्री लांबायला लागतात त्या मे महिन्याच्या सुमाराला हे फुलतात, आणि तिथली माणसं त्यांना सरळ 'मे महिन्याचं फूल' म्हणतात. ज्यांच्या अंगणात ते झाड आहे त्यांनी बघून नाव ठेवलं. ज्यांनी विकलं त्यांनी कॅलेंडर बघून ठेवलं.

याहून कहर म्हणजे फुलं चिकटवलेली निवडुंगं. छोट्या कुंडीतल्या निवडुंगाच्या डोक्यावर रंगीत वाळकी फुलं गरम गोंदाने डकवतात आणि फुललेलं निवडुंग म्हणून विकतात. पाणी घातलं की ते कागदासारखं फूल मिटतं, ऊन पडलं की उघडतं, आणि घेणाऱ्याला वाटतं, वा, जिवंत आहे! त्यापेक्षा त्याच दुकानातली 'कॅक्टस, चार इंची कुंडी' एवढीच आळशी पाटी मला जास्त प्रामाणिक वाटते. तिने काही सांगितलं नाही, पण फसवलंही नाही.

तेव्हा हा देश विरुद्ध परदेश असा वाद नाहीच. तरी एक जुनी गोष्ट खास आपल्या मातीतली आहे, ती ऐका.

अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगाचा व्यापार स्पॅनिश लोकांच्या हातून काढून घ्यायचा होता. हा रंग मिळतो फड्या निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून. १७९५ साली ब्राझीलमधून किडे बंगालमध्ये आणले गेले, हाच तो रंगाचा किडा असं समजून. तो तो नव्हता. त्याचा भाऊबंद होता, रंग हलका. कंपनीचा धंदा बसला. पण त्या किड्याने एका जातीच्या फड्या निवडुंगाचा फडशा पाडायला सुरुवात केली. तण मारायला किडा वापरण्याच्या विद्येत आज या घटनेचं नाव पहिल्या पानावर घेतलं जातं. बरं, त्या किड्याने दुसऱ्या जातींच्या फड्यांना फारसा उपद्रव दिला नाही. दख्खनच्या रानांत, बांधांवर माजलेल्या फड्या वेगळ्या जातींच्या, आणि त्यांच्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. म्हणजे बघा, माणसांनी किडा चुकीचा ओळखला. किड्याने मात्र निवडुंग कधीच चुकीचं ओळखलं नाही. त्याचं पोट त्यावर अवलंबून होतं ना! आपलं नसतं, म्हणून आपण विचारतो, "नावाने काय फरक पडतो?"

आज ज्यांचा जीव नावावर अवलंबून आहे ती झाडं स्वतः आहेत. २०१५ साली जगातल्या सुमारे दीड हजार निवडुंगांच्या जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. धोक्याच्या मुख्य कारणांत एक आहे हौशी लोकांसाठी रानातून होणारी चोरी. २०२० साली इटलीत पोलिसांनी धाड घातली आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेली हजाराच्या वर निवडुंगं जप्त केली. त्यातली शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवली गेली. आता विचार करा, असं चोरीचं झाड बाजारात येतं ते कशाच्या आधारावर? 'रोपवाटिकेत वाढवलेलं' अशी एक खोटी पट्टी, बस्स. ज्या छंदात पट्टीला कुणी प्रश्न विचारत नाही, त्या छंदात चोराला दुसरं काही करावंच लागत नाही. माझ्या मित्राची गोड खोटी पट्टी आणि त्या चोराची खोटी पट्टी यांच्यात अंतर आहे, मान्य. पण "पट्टीवर काय लिहिलंय त्याला एवढं काय महत्त्व" हे वाक्य दोघांच्याही उपयोगाचं आहे.

आता त्या खऱ्या ब्रह्मकमळाकडे येतो, कारण सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झालाय.

खरं ब्रह्मकमळ हिमालयात साधारण ३७०० ते ४६०० मीटर उंचीवर वाढतं. सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. कूळ सूर्यफुलाचं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान फुलतं. बाहेरून फिकट हिरवट-पिवळी, कागदासारखी पातळ पानं, आणि त्यांच्या ओंजळीत जांभळ्या फुलांचे गेंद. ती ओंजळ त्या फुलांना थंडीवाऱ्यापासून जपते. उत्तराखंडाचं ते राज्यपुष्प आहे. बद्री-केदारला वाहतात ते हे. आणि वाहण्यासाठी, औषधासाठी ते इतकं खुडलं गेलंय, की तिकडच्या लोकांना त्याची काळजी वाटते.

पण पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात "ब्रह्मकमळ धोक्यात आहे" असं कुणी सांगायला गेलं, तर ऐकणारा काय म्हणेल? "छे हो, आमच्या सोसायटीत प्रत्येक गॅलरीत आहे. एक फांदी खोचा, लागतं." संपलं! त्या डोंगरावरच्या झाडाचं नाव आपण कुंडीतल्या मेक्सिकन पाहुण्याला देऊन टाकलं, आणि ज्याचं नाव गेलं त्याची हाकही कुणाला ऐकू येईना. नावाने काय फरक पडतो, याचं माझं शेवटचं उत्तर हे आहे.

"मग काय, काकूंनी त्याला एपिफायलम ऑक्सिपेटॅलम म्हणायचं?" मुळीच नाही. लोकांनी लोकांचं नाव ठेवावं, मराठीत ठेवावं, हक्काने ठेवावं. निशिगंध आठवा. तोही मेक्सिकोचा. आला, आपण त्याचा वास घेतला, तो रात्री दरवळतो हे पाहिलं आणि काय सुंदर नाव दिलं! झेंडू मेक्सिकोचा, दसऱ्याला त्याच्यावाचून दार सजत नाही, पण तो कैलासावरून आला असं कुणी म्हणत नाही. गुलमोहर मादागास्करचा. आपल्या भाषेला परक्या झाडाला घरचं करून घ्यायची जुनी सवय आहे. त्यासाठी दुसऱ्याच्या नावाची चोरी कधी करावी लागली नाही. मग ज्या फुलासाठी आपण रात्र जागवतो, शेजाऱ्यांना उठवून दाखवतो, त्याला स्वतःचं एक मराठी नाव द्यायला आपल्याला एवढा आळस का? काकू त्याला नुसतं 'आपलं पांढरं' म्हणतात. मला तर तेही चालेल. त्यात खोटं काही नाही.

पूजा करायची तर जरूर करा. जे फूल वर्षभर वाट बघायला लावतं आणि एका रात्रीत सगळा वास उधळून पहाटे मिटतं, त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले तर त्यात चूक काय? हात जोडायला हिमालयाचा दाखला लागत नाही. निवडुंगांचं सगळं कूळ अमेरिका खंडांतलं, एक रिप्सॅलिसची जात तेवढी आपणहून आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंकेपर्यंत पोचली. आपल्या भारतात आलेलं प्रत्येक निवडुंग कुणाच्या तरी हाताने, जहाजाने, समुद्र ओलांडून आलेलं आहे. मलाही समुद्र ओलांडून बरीच वर्षं झाली. इथे कुणी माझं गाव विचारलं तर मी खरं सांगतो, आणि त्याने माझं मोल कमी झालेलं नाही. त्या झाडाचंही होणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. या रविवारी एक जुनी प्लास्टिकची पट्टी घ्या. आईस्क्रीमची काडीही चालेल. पेन्सिलीने लिहा, शाई उन्हाने उडते, पेन्सिल टिकते. तुम्ही त्या झाडाला म्हणता ते नाव लिहा. कुणाकडून आणलंत ते लिहा. साल लिहा. फुललं त्या रात्रीची तारीख लिहा. खात्री असेल तर शास्त्रीय नाव लिहा, नसेल तर ती जागा रिकामी ठेवा. आणि 'हिमालय' हा शब्द तेवढा खोडून टाका. तो ज्याचा आहे त्याला परत करा.